छोटा हत्ती की पिकअप? आमच्या टेम्पोखरेदीचे पाच महिने

८ डिसेंबर २०२४ च्या रविवारी मुलुंडला हळदीची ऑर्डर होती, १६० पानांची. भाड्याचा टेम्पो साडेचारला यायचा, तो सहाला आला. वडे-सागोतीचे टोप दारात तयार, वाढपाची पोरं पायरीवर बसलेली, आणि तिकडून नवरदेवाच्या मामांचे फोनवर फोन. जेवण वेळेत लागलं, कारण हळदच उशिरा सुरू झाली. त्या रात्री भांडी घासून झाल्यावर मी आणि हे ऑर्डरची वही घेऊन बसलो आणि वर्षभराचं टेम्पोभाडं मांडलं. ६१ ऑर्डरींना मिळून एक लाख सात हजार रुपये. स्वतःची गाडी घ्यायची, जुनी घ्यायची, हे तेव्हाच ठरलं. कुठली घ्यायची, हे ठरायला मार्च उजाडला.

आमचं स्वयंपाकघर भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या चढावर. घरगुती केटरिंग, बारा वर्षं झाली. गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं, फक्त २०१६ पासून कारचं लायसन्स होतं. जे कळलं ते विचारून, चुकून आणि रांगेत उभं राहून. आमच्यासारखे कुणी पहिल्यांदा मालाची गाडी घेत असतील तर त्यांच्या हाताशी असावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिला आठवडा सल्ल्यांचा. पर्याय मुळात दोन. एक, छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस आणि त्याच वर्गातली मारुतीची सुपर कॅरी वगैरे, साधारण साडेसातशे किलो उचलणारी. दुसरी, बोलेरो पिकअपसारखी मोठी, मॉडेलप्रमाणे तेराशे ते सतराशे किलोची. मधे अशोक लेलँड दोस्त, टाटा इन्ट्रा अशा गाड्या आहेत, पण आमच्या बजेटात त्या चांगल्या अवस्थेत दिसल्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. विचारलं त्या प्रत्येकाने मोठीच सुचवली. डेकोरेशनवाले शेजारी म्हणाले, "वहिनी, धंदा वाढणारच आहे, पिकअपच घ्या." सासूबाई म्हणाल्या, "घेतलंस तर मोठोच घे गो, पोरांका बसाक तरी गावात." म्हणजे पोरांना बसायला तरी मिळेल.

पोरांना मागे बसवण्याची गोष्ट मात्र मी तिथेच थांबवली. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर अशा माणसांच्या भरपाईवरून विमा कंपनीशी कोर्टकचेरी होते. आमच्याकडे वाढपाला येणारी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. त्यांच्या आया माझ्या भरवशावर त्यांना पाठवतात. गाडी कुठलीही आली तरी पोरं ट्रेनने जाणार, तिकीट आमचं, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. त्यामुळे मोठ्या गाडीच्या बाजूचा एक मुद्दा आपोआप गळाला.

मिस्त्रीकाका आमच्याच आळीतले, तीस वर्षं टेम्पोच्या कामातले. ते वेगळंच बोलले. "आधी माल वजन करा. गाडी नंतर." तोवर माझ्या मनात माल म्हणजे टोप किती नि क्रेट किती एवढंच होतं, किलोमध्ये विचारच केला नव्हता.

५ जानेवारीला ३०० पानांचा साखरपुडा होता. नेहमीच्या टेम्पोवाल्या दादांना शंभर रुपये जास्त देऊन सांगितलं की रिकामी गाडी आधी वजनकाट्यावर न्यायची आणि भरल्यावर पुन्हा. गाडी पिकअप होती. रिकामी, दादांसकट, १,७२० किलो. भरल्यावर २,७०५. म्हणजे आमचा माल ९८५ किलो! पावती हातात घेऊन मी हे सगळं येतंय कुठून याचा विचार करत बसले. मग घरी येऊन एकेक वस्तू मांडली. भरलेले टोप, डबे, किराणा मिळून अडीचशेच्या वर. ताटं, बुफेची भांडी, स्टँड दीडशे. व्यावसायिक सिलेंडरमध्ये गॅस १९ किलो, पण टाकीसकट तो पस्तिसाच्या वर जातो, असे दोन. आणि वीस लिटरच्या पाण्याचे २४ जार. एक जार साधारण २१ किलो धरा. पाचशे किलो नुसतं पाणी!

अर्धी गाडी आम्ही पाण्यासाठी भाड्याने घेत होतो. दुसऱ्या दिवशी जारवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, हॉलवर थेट टाकतो की. मुलुंड ते घाटकोपर जारामागे पाच रुपये जादा." बारा वर्षांत आम्ही त्याला हे विचारलंच नव्हतं. पाणी काढलं की ३०० पानांची ऑर्डर पाचशे किलोच्या आत येते. वहीत पाहिलं, तर गेल्या वर्षीच्या ६१ ऑर्डरींत तीनशेच्या वरच्या फक्त नऊ होत्या. त्यातल्याही दोन-तीनच अशा, की पाणी काढूनसुद्धा छोट्या गाडीत मावणार नाहीत.

तरी मी पिकअपच्याच मागे होते, हे कबूल करायला हवं. मोठी गाडी असली की माणूस निर्धास्त असतो असं वाटायचं. शिवाय आमचा चढ. भरलेली गाडी टेंभीपाड्याला वर न्यायची तर ताकद पाहिजेच.

संक्रांतीनंतर बघायला सुरुवात केली. कुर्ला, तुर्भे, कळवा, कल्याण, मिळून अकरा गाड्या. मिस्त्रीकाकांना दर फेरीला पाचशे रुपये आणि जेवण. तीन फेऱ्या झाल्या, आणि या सगळ्या व्यवहारात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच. पहिल्या पिकअपला बाहेरून नवा रंग होता, मागणी ४ लाख ६५ हजार. काका थेट खाली वाकले आणि त्यांनी मला पण वाकायला लावलं. मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांमध्ये एक पाटा इतरांपेक्षा नवा होता. जास्तीचा पाटा घातलाय म्हणजे गाडीने क्षमतेबाहेर माल ओढलाय. पुढे सरकून त्यांनी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॅटरीचा उजेड मारला. पाट्याच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगचं ठिगळ होतं, त्यावर ताजा काळा रंग. "मोठी गाडी जुनी घ्यायची म्हणजे तिने आयुष्यभर काय उचललं ते विकत घ्यायचं," काका म्हणाले. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीचा रंग आधी पाहिला नाही.

दुसरा धडा एका छोट्या टेम्पोचा. २०२० चं मॉडेल, फक्त सव्वादोन लाख. हौद्यात नवी कोरी रबरी मॅट. ती उचलायला सांगितली तर मालक टाळाटाळ करायला लागला. आम्हीच कोपरा उचलला. पत्रा गंजून बोट जाईल एवढी भोकं, आणि फिनाईलच्या खालून येणारा वास. गाडी मासळीची होती. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून खाली झिरपतं आणि चासी आतून खातं. मुंबईत जुनी मालगाडी घेताना हा प्रश्न नक्की विचारा: आजवर काय वाहिलं? आणि मॅट उचलल्याशिवाय टोकन देऊ नका.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक चांगली पिकअप मिळाली. २०१९ ची, इंजिन सुरेख, चासी स्वच्छ. ४ लाख ९० ला बोलणी झाली आणि १०,००० रुपये टोकन दिलं. मग एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला. हे मी टोकनच्या आधी करायला हवं होतं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचं नाव अजून होतं, म्हणजे कर्ज बाकी. मालक म्हणाले, "आठवड्यात एचपी काढून देतो." एचपी म्हणजे आरसीवरची हीच कर्जाची नोंद. कर्ज फिटलं की फायनान्सवाल्यांची एनओसी (ना हरकत दाखला) आणि नमुना ३५ भरून ते नाव आरसीवरून काढावं लागतं, त्याशिवाय गाडी स्वच्छ आपल्या नावावर होत नाही. तीन आठवडे गेले. दर वेळी पुढचा सोमवार.

त्या तीन आठवड्यांत मी दोन कामं केली, आणि तीच निर्णायक ठरली. पहिलं, आरसीवरचे आकडे वाचायला शिकले. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट कमाल वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कायद्याने किती किलो भरता येतात ते कळतं. जाहिरातीत काय लिहिलंय, विकणारा काय सांगतो, ते सोडून द्या. जादा माल सापडला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणखी एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: ज्या मालगाडीचं हे कमाल वजन ३,००० किलोपर्यंत आहे तिला परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. पिकअपचं मात्र मॉडेल पाहून ठरतं. आम्ही टोकन दिलेल्या गाडीचं वजन तीन हजारांच्या वर होतं, म्हणजे परमिट आणि त्याचं नूतनीकरण आलं.

लायसन्सची भीती मात्र निघून गेली. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला शिक्कामोर्तब केलं आहे. त्यामुळे माझ्या कारच्या लायसन्सवर दोन्ही गाड्या चालल्या असत्या. विम्यातही थर्ड पार्टीचा भाग दोन्हींना सारखाच निघाला, ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाड्यांचा एकच टप्पा, १६,०४९ रुपये आणि वर जीएसटी. छोट्या गाडीला विमा खूप कमी पडेल हा माझा समज चुकीचा होता.

दुसरं काम म्हणजे गल्ली मोजली. टेप घेऊन मी आणि थोरली लेक सकाळी सहाला उतरलो, नळावर गर्दी व्हायच्या आधी. नळाच्या वळणावर रुंदी सहा फूट चार इंच. बोलेरो पिकअप साधारण १.७ मीटर रुंद, म्हणजे पाच फूट सात इंच, आरसे वेगळे. छोटा हत्ती दीड मीटर, पाच फुटांना इंचभर कमी. पिकअप वळणापर्यंत येईल, पण वळणार नाही. मग भरलेले टोप हातगाडीने मुख्य रस्त्यावर न्यायचे आणि तिथे पुन्हा चढवायचे. उकळत्या रश्श्याचा टोप एकदा उचलणं वेगळं आणि दोनदा उचलणं वेगळं. एका मुलाच्या हातावर चार वर्षांपूर्वी भाजल्याचा डाग आहे, तो असाच दुसऱ्यांदा उचलताना पडला होता. त्या सकाळी माझ्यापुरता पिकअपचा विषय संपला.

२४ फेब्रुवारीला टोकन परत मागितलं. दोन हप्त्यांत, सोळा दिवसांनी, पूर्ण मिळालं. पूर्ण मिळालं कारण ह्यांनी टोकन देताना साध्या कागदावर लिहून घेतलं होतं की कागदपत्रं १५ दिवसांत स्वच्छ झाली नाहीत तर रक्कम परत. सही दोघांची. हे जरूर करा.

इंधनावरही बरंच बोलणं झालं. मुंबई महानगर परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हटवून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हे अभ्यासायला राज्य सरकारने जानेवारीत समिती नेमली होती. त्यामुळे सगळे सीएनजी घ्या म्हणत होते. पण सीएनजीच्या टाक्यांचं वजन मालाच्या हिश्शातून जातं, शंभर किलोच्या आसपास, आणि आमच्या मापात तेवढे किलो मोलाचे होते. पंपावरची रांग वेगळी. जुनी डिझेल मात्र नको वाटली. शेवटी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांतली, पेट्रोल गाडी शोधायचं ठरवलं.

२ मार्चला ऐरोलीला आमची गाडी दिसली. टाटा एस, पेट्रोल, मार्च २०२१ ची, एकच मालक. ते काका बेकरीचा माल पोचवायचे. खारी, बटर, पाव. मिस्त्रीकाकांचा चेहरा खुलला, कारण पावाने गाडीची कंबर मोडत नाही. मागणी ३ लाख ४० हजार. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "काका, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गरम इंजिन सगळं लपवतं. पहिल्या सेल्फला सुरू झाली. ऑइलचं झाकण काढून पाहिलं, धूर नव्हता. स्टिअरिंगला किंचित खेळ, बॅटरी मरणाच्या दारात, मागचे दोन टायर संपलेले, हे सगळं वहीत लिहिलं आणि घासाघीस त्यावरच केली.

रिकाम्या गाडीची चक्कर मारून काही कळत नाही. आम्ही बेकरीवाल्या काकांना विनंती केली आणि ९ मार्चला ते गाडी घेऊन भांडुपला आले. जारवाल्याकडून वीस भरलेले जार हौद्यात ठेवले, सव्वाचारशे किलो, आणि चढावर नेली. खरं सांगायचं तर पिकअप जो चढ दुसऱ्या गिअरवर आवाज न करता चढते, तिथे ही पहिल्यावर आली, आणि कुरकुरत आली. पण आली. मधे थांबवून हँडब्रेकवर उभी केली, मागे न सरकता पुन्हा उचलली. क्लचचा वास नाही. तुमचा माल रोजच सहाशे-सातशे किलो असेल आणि रस्ता असा चढाचा असेल, तर ही गाडी घेऊ नका, मोठीच घ्या. आमच्या भरलेल्या फेऱ्या उताराकडे असतात, येताना भांडी रिकामी, म्हणून जमलं.

३ लाख १५ हजारांना सौदा झाला. बोलीत दोन गोष्टी मालकांकडे: पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आणि ई-चलनं. फिटनेस मार्चअखेर संपत होतं. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, नंतर दर वर्षी, आणि आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. त्यामुळे जुनी गाडी घेताना तिला आठ वर्षं कधी पूर्ण होतात हे मोजून ठेवा, आमच्या गाडीला मार्च २०२९ ला. ई-चलनं तीन निघाली, अडीच हजारांची, ती त्यांनी समोर भरली. १८ मार्चला गाडी पासिंगला नेली आणि नापास झाली. मागची परावर्तक पट्टी निघालेली आणि डावा इंडिकेटर मधूनच बंद. वाईट वाटलं, अर्धा दिवस गेला होता. चारशे रुपयांचं काम होतं. २१ ला पुन्हा नेली, पास झाली. पासिंगच्या आदल्या दिवशी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, पट्ट्या आणि पीयूसी स्वतः बघा.

गाडी एमएच-४३, आम्ही वडाळ्याच्या आरटीओच्या हद्दीत, एमएच-०३. राज्य एकच असल्यामुळे नंबर तोच राहतो, पण तिकडची एनओसी लागते. नमुना २८, चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर. २४ मार्चला अर्ज केला, ३ एप्रिलला एनओसी हातात. मधे एक अडचण आली. ओटीपी मालकांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर त्यांनी केव्हाच बंद केला होता. आधार केंद्रात नंबर बदलून घ्यायला त्यांचे चार दिवस गेले. सौदा करतानाच विकणाऱ्याला हे विचारून घ्या.

८ एप्रिलला वडाळ्याला कागद दिले. नमुना २९ दोन प्रतींत, नमुना ३०, एनओसी, विमा, पीयूसी, फिटनेस, दोघांची आधार आणि पॅन. एजंट तीन हजार मागत होता. मी रजा काढून स्वतः गेले, साडेदहाला रांगेत आणि दीडला बाहेर. एक झेरॉक्स कमी पडली म्हणून मधे धावाधाव झाली, तेव्हा प्रत्येक कागदाच्या दोन जादा प्रती न्या. एनओसीपासून नावापर्यंत सगळी सरकारी फी मिळून १,४५० रुपये झाली.

गाडी ताब्यात घेताना कागदावर तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या: ५ एप्रिल, सकाळी ११.२०. त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं आमचं. त्यांचा फास्टॅग त्यांच्याकडूनच बंद करून घेतला. विमा आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस असतात, आम्ही तिसऱ्या दिवशी अर्ज केला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून फरकाचे ३,१०० भरावे लागले.

त्यावर बॅटरी ४,२००, मागचे दोन टायर ८,४००, ताडपत्री १,९०० आणि मिस्त्रीकाकांचे १,५००. सगळं धरून गाडी ३ लाख ३५ हजार ५५० रुपयांना पडली. पार्किंगचे महिन्याला दोन हजार वेगळे. पिकअप घेतली असती तर नुसत्या किमतीतच पावणेदोन लाख जास्त गेले असते.

२२ एप्रिलला ॲपवर माझं नाव दिसलं. मी ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि मोबाइल परत देताना काहीच बोलल्या नाहीत, आत जाऊन नारळ आणला. स्मार्ट कार्ड पोस्टाने २९ ला आलं.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. विक्रोळीला २२० पानांचं लग्न. पहाटे पाचला गाडी नळाच्या वळणातून आत आली, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा ठेवून, आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी लागली. फाळका उघडला, टोप एकदाच उचलले. पोरं ६.१० च्या लोकलने पुढे गेली. मी गाडी वजनकाट्यावर घेतली, आता ती सवय झाली आहे. माल ३९० किलो. पाण्याचे जार हॉलवर आमच्या आधी पोचलेले होते.